पाटलीनबाईचा हात

नाचणगावहून नदीकडे निघालं की मोहगव्हाण लागतं. या गावात पोळा फुटायचा तो पाटलीनबाईचा हात वर झाल्यावर. आखरावर, गावच्या मोकळ्या मैदानात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं, गावच्या जोड्या झुली घालून त्याखाली दाटीनं उभ्या असायच्या, पाटलाच्या बैलाच्या शिंगांवर पेटत्या पलित्यांचं मखर चढलेलं असायचं. डफडी वाजत असायची, झडत्यांवर झडत्या, पोळ्याची ती चढाओढीची गाणी, चाललेल्या असायच्या. आणि मारोतीच्या पारापाशी, बायांच्याही मागं, डोक्यावरून पदर घेऊन जयवंताबाई उभी असायची. तिचा उजवा हात खांद्याच्या वर गेला की डफडी थांबायची, तोरण तुटायचं आणि बैल घराकडे धावत सुटायचे.

दुसऱ्या कुठल्या गावात अशी रीत नव्हती. विधवेनं पोळ्याला समोर यायचं नाही, हीच सगळीकडची रीत. मोहगव्हाणात ती कशी मोडली हे सांगायचं तर लक्ष्मणराव पाटलाच्या मरणापासून सांगावं लागतं.

लक्ष्मणराव गावचे मालगुजार. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, तंटे मिटवायचे, आणि गावानं पाटील म्हणायचं. बेचाळीसच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला तो उतरलाच नाही. एकुलता एक बबन तेव्हा दहा वर्षांचा. शेवटच्या दिवशी लक्ष्मणरावांनी बायकोला जवळ बोलावलं, देवघरातल्या समईकडे बोट केलं आणि म्हणाले, "बबनाचं बबनाले देजो. मधात कोनाले हात लावू देऊ नको."

ती हो म्हणाली. समईच्या साक्षीनं म्हणाली. त्या दिवसातलं त्या 'हो'पलीकडे तिला पुढं फारसं काही आठवत नसे. रडल्याचंही आठवत नसे. बाया म्हणत, पाटलीनबाई रडली नाही, दगड झाली. दगड झाली नव्हती. आतून काही येतच नव्हतं. मुंग्या आलेला पाय जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंग वाटायचं. आणि ते पुढं वर्षानुवर्षं तसंच वाटत राहिलं. ती पहाटे उठायची, तुळशीला पाणी घालायची, देवाला हात जोडायची. काही मागायची नाही.

तेरावा झाला आणि चुलत दीर माणिकराव ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, वहिनी, तुम्ही घरात बसा, पोरगं मोठं होईस्तोवर मी पाहतो. माणूस वाईट नव्हता. सणासुदीला पहिला हजर, आजारपणात रात्रभर बसणारा. पण माणिकरावानं 'पाहिलेलं' शेत परत मूळ मालकाकडे आल्याचं गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. जयवंताबाईनं त्याला चहा दिला आणि दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपायला लावून ती वर्ध्याला गेली. तहसिलीच्या व्हरांड्यात पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. साहेबानं विचारलं, बाई, लिहिता येतं का? तिनं आपलं नाव लिहून दाखवलं. चौथी शिकलेली होती ती. मग सरकारी कागदावर आलं: मालक अज्ञान बबन लक्ष्मण, पालन करणारी आई जयवंता. माणिकरावानं महिनाभर ओट्यावर पाय ठेवला नाही.

त्या वर्षीच्या पोळ्याला बबनाच्या डोक्यावर बापाचा फेटा बांधला. तो नाकापर्यंत खाली आला. तोरणाखाली पाटलानं हात वर करायचा, मग पोळा फुटायचा, ही जुनी चाल. पोरगं उभं राहिलं खरं. पण मखराच्या ज्वाळा आणि बैलाचे डोळे पाहून थिजलं. हात काही वर होईना. डफडी वाजतच राहिली. लोक चुळबुळू लागले. माणिकराव दोन पावलं पुढं आला. आता तोच हात करणार आणि एकदा केला की तो त्याचाच झाला, हे जयवंताबाईला पारामागून दिसलं. तिनं पदर सावरला आणि आपला हात वर केला.

डफडीवाल्यानं पाहिलं. का कोण जाणे, तो थांबला. तोरण तुटलं.

पुढच्या वर्षीही पोरगं लहानच होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग गावाला सवयच झाली.

माणिकरावानं एकदा शेवटचा जोर करून पाहिला. अक्षय तृतीयेला सालदारांचं, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, साल पालटतं. त्या तृतीयेला पाटलाच्या घरचे सगळे सालदार माणिकरावाकडे जाऊन राहिले. मृगात पेरणी आली आणि घरात बैल आहेत, तिफन आहे, माणूस नाही. जयवंताबाईनं तानाबाईला हाक मारली. तानाबाई म्हणजे घरच्या जुन्या सालदाराची बायको. नवरा मेला तरी शेण-गोठ्याचं काम आणि जिभेची धार, दोन्ही तिनं सोडलं नव्हतं. ती चार बाया घेऊन आली. नाचणगावहून जयवंताबाईचा म्हातारा मामा तिफन हाकायला आला. आणि मागून सरत्याच्या नळीत बी सोडत पाटलीनबाई स्वतः चालली. माणिकरावाच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून चालली, सगळ्यांना दिसेल अशी. तानाबाई मोठ्यानं म्हणाली, "हळू चाला जी पाटलीनबाई. माणिकराव पाहून राह्यले, त्याईचे पाय दुखतीन."

तीन सालदार दिवाळीच्या आत परत आले. तिनं काही विचारलं नाही. जेवायला वाढायला सांगितलं.

तंटे तिच्याकडे येऊ लागले ते असेच. दाराच्या आत ती बसायची, बाहेर ओट्यावर दोन्ही बाजू. दोघांचे शब्द संपेपर्यंत ती बोलत नसे. बोलली की एकच वाक्य बोलायची. लोक त्याला शहाणपण म्हणत. खरं सांगायचं तर तिला लवकर काही वाटतच नसे. दोघंही ओरडून थकले की त्यातलं खरं काय ते आपोआप खाली बसायचं, गढूळ पाण्यातल्या मातीसारखं.

बबनाला तिनं वर्ध्याला शिकायला ठेवलं. गावात ठेवला तर कोणी काय शिकवेल, कोणी काय पाजेल याचा नेम नव्हता. त्याचं आहे ते सांभाळायला तो शिकलेला पाहिजे. तो सुट्टीत यायचा, पायात बूट, केसाला भांग. गाव त्याला बबनराव म्हणायचं आणि लगेच घराच्या दाराकडे पाहून विचारायचं, पाटलीनबाई आहेत काय? तिच्या हे ध्यानात आलं नाही. ज्याचं जपून ठेवलं, तोच गावाला पाहुणा झाला होता.

एक्कावन्न साली दोन गोष्टी झाल्या. बबन मॅट्रिक होऊन घरी आला, आणि सरकारनं मालगुजारी काढून टाकली. तहसिलीतून माणसं आली, चावडीसमोर वाचून दाखवलं. घरची शेती राहिली, बाकी गाव सरकारचं. सगळे जयवंताबाईच्या तोंडाकडे पाहत होते. तिला वाटलं, आता काहीतरी वाटेल. नाही वाटलं. पाहुण्यांसाठी चहा टाकायला तिनं तानाबाईला सांगितलं. जे गेलं ते सरकारनं नेलं, माणिकरावानं नाही. जे राहिलं ते बबनाचं. शेत, घर, आणि पोळ्याचा मान. मानावर काही सरकारचा कायदा नव्हता.

त्याच उन्हाळ्यात बबनाचं लग्न केलं. सून पुलगावची, बाप गिरणीत कारकून. नाव नलू, नववीपर्यंत शिकलेली, आवाज बारीक, हसणं दाबून धरणारी. सगळे कागद बबनाच्या नावावर झाले. जयवंताबाईनं समईपाशी बसून मनात म्हटलं, आता पोळा झाला की झालं.

पोळ्याच्या दिवशी तिनं ठरवलं होतं की जायचं नाही. घरी बैलांना नलूनं ओवाळलं. बापाचा फेटा बबनाला आता नीट बसत होता. तो निघून गेला आणि तानाबाई मागं लागली.

"येऊन तं पाहा जी. लेकराचा पहिला पोळा. तुमाले कुठं हात करा लागते?"

ती गेली. पारापाशी, बायांच्या मागं, नेहमीच्या जागी उभी राहिली. बबन तोरणाखाली उंच दिसत होता. एक म्हातारा झडती म्हणत होता, लांबलचक. गावच्या रीतीत झडती अर्धी राहिली तरी पाटील हात करतो, कोणाला त्याचं वाईट वाटत नाही. पण बबन शिकलेला. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मधेच तोडायचं कसं, म्हणून तो थांबला. एवढंच झालं. तेवढ्यात मखराचा बैल बिचकला, गर्दी हलली, कोणी ओरडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळ्या माना पाराकडे वळल्या.

जयवंताबाईचा हात वर गेला.

तिनं केला नाही, तो गेला. चुलीवरचं दूध वर आलं की हात जातो तसा. डफडी थांबली, तोरण तुटलं, बैल सुटले. बबनाचा हात अर्ध्यावर आला होता. त्यानं तो तसाच फेट्याकडे नेला आणि फेटा नीट केल्यासारखं केलं. ते तिनं पाहिलं. आणि धुळीतून कोणीतरी झडती टाकली:

"वाटीभर तेल, समईत वात,
पाटील तोरनाखाली, वर मायचा हात.
बोला हर हर महादेव."

गाव हसलं. वाईट मनानं नाही हसलं. पोळ्याला सगळेच सगळ्यांवर हसतात. बबनही हसला.

घरी येऊन त्यानं फेटा खुंटीला लावला, पुरणाची पोळी खाल्ली, हात धुतले. मग म्हणाला की पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत कारकुनांची भरती आहे आणि तो जाणार आहे.

"काऊन?" जयवंताबाई म्हणाली. "घरी काय कमी हाय?"

"कमी काही नाई, माय. तिथं कोनी तुह्या हाताकडं पाहत नाई."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. हात माझ्या मनानं गेला नाही, असं काहीतरी. ते ओठापर्यंत आलंच नाही. ती आपल्या हाताकडे पाहत बसली. तानाबाईनं ताट उचललं तेव्हा तिला कळलं की आपण जेवलो नाही.

बबन दिवाळीनंतर पुलगावला खोली करून राहिला. नलूला तिनं ठेवून घेतलं. म्हणाली, घराला बाई पाहिजे, देवाधर्माचं कोण पाहील. नलू गेली तर बबन येणार नाही, हे त्यातलं खरं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही. देवालाही नाही, पण देवाला कळत असणार.

बबन दर रविवारी सायकलवर यायचा. आईजवळ बसायचा, पिकापाण्याचं विचारायचा आणि तिच्या उत्तराआधीच मान हलवायचा. संध्याकाळी परत. नवराबायको दोघं गोठ्यात बोलत उभे राहायचे. घरात सासूसमोर बोलायची चाल नव्हती आणि सासू घरातून हलत नव्हती. तानाबाई गोठ्याच्या तोंडाशी शेण गोळा करायची, आणि जयवंताबाई मागच्या दारात आली की तिच्या हातून बादली पडायची. दर वेळी पडायची. जयवंताबाईला तो आवाज ओळखीचा झाला होता. आवाज आला की ती क्षणभर थांबायची आणि आत फिरायची. त्याच्यावर कधी बोलली नाही.

दुपारी सासू-सून वाती वळत बसत. नलूच्या शाळेत परदेशच्या राण्यांचं एक पुस्तक होतं. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यासारखी एक राणी होती. फ्रान्सची. ब्लांश नाव तिचं."

"मी कुठची राणी."

"ऐका तं. लहानपणीच लग्न होऊन दुसऱ्या मुलुखातून आली. नवरा राजा झाला अन् तीन वर्षांत वारला. पोरगा बारा वर्षांचा. सारे सरदार उठले. म्हणे, बाई, तेही परमुलखातली, आमच्यावर राज्य काय करते."

जयवंताबाईची वात थांबली. "तिच्याकडं एकच माणिकराव होता का जास्त होते?"

"सगळे माणिकरावच होते, आत्याबाई."

गोठ्याकडून येणारी तानाबाई उंबऱ्यातच बसली. नलू सांगत गेली. भर हिवाळ्यात ती राणी फौजेबरोबर एका किल्ल्यावर गेली. शिपाई थंडीनं गारठले तर तिनं लाकडं आणवली, शेकोट्या पेटवायला लावल्या, पण वेढा उठवू दिला नाही. एकेक सरदार वळवला. पोरगा मोठा झाला तसं राज्य त्याच्या हाती दिलं.

"मंग तिनं पोराचं लग्न केलं," नलू म्हणाली. "सून आली. अन् सून आल्यावर..."

ती थांबली. हातातली वात तुटली.

"सून आल्यावर काय?"

"काही नाई, आत्याबाई. चांगलं चाललं त्याईचं." ती घाईनं पुढं गेली. पुढं तो राजा फार आजारी पडला, आणि बरा झालो तर धर्मयुद्धाला जाईन असा त्यानं नवस बोलला. आईनं परोपरीनं अडवलं. तो गेलाच. आईनं पुन्हा राज्य सांभाळलं, म्हातारपणी, दुसऱ्यांदा. तो परत यायच्या आत ती गेली.

"पोरगं रडलं?"

"दोन दिवस कोनाशी बोलला नाई म्हनते."

"अन् तिनं ठेवलेलं राज्य?"

"त्याचं त्याले भेटलं."

"म्हंजे जमलं तिले," जयवंताबाई म्हणाली आणि वात वळू लागली.

त्यानंतर तानाबाई तिला कधी कधी 'फरानची राणी' म्हणायची. गावात ते नाव पसरलं. कोणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

इकडे गाव तिला सोडत नव्हतं. पहिली मोठी निवडणूक झाली तेव्हा जीपगाड्या येऊन गेल्या, प्रत्येकजण तिच्या ओट्यावर चहा पिऊन गेला. मताच्या दिवशी बाया शाळेसमोर उन्हात उभ्या राहिल्या, कारण पाटलीनबाई अजून आत गेली नव्हती. ती गेली, मग साऱ्या गेल्या. ग्रामपंचायत झाली, तिला पंच केलं. पुढं सरपंच केलं. माणिकराव दर वेळी विरोधात उभा राहायचा, दर वेळी पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी चहाला यायचा. शाळेला दुसरी खोली झाली, नदीच्या वाटेवर मोरी झाली. लोक म्हणाले पाटलीनबाईनं केलं. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता, असं तिला वाटायचं. प्रत्येक पोळ्याला हात तीच करत होती. बबन त्या दिवशी रजा घेत नव्हता. लक्ष्मणरावांच्या तसबिरीसमोर दिवा लावताना ती डोळे मिटून घ्यायची. बबनाचं अजून तिच्याकडेच होतं आणि वर्षावर वर्षं चालली होती.

छप्पन साली वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला. तानाबाई म्हणाली, "पाहा, घरबसल्या मुंबईले आलो आपन. अन् आमचे बबनराव अजून पुलगावातच."

हसता हसता ती बोलून गेली. नलू तिथंच धान्य निवडत बसली होती. ती हसली नाही. लग्नाला सहा वर्षं होत आली होती, आणि त्यातले रविवार तेवढे तिचे. जयवंताबाईला तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहताना काहीतरी आठवलं.

"नलू, त्या राणीचं सांगताना तू एका जागी थांबली होतीस. सून आल्यावर काय झालं?"

नलूनं तानाबाईकडे पाहिलं. तानाबाईनं सुपाकडे पाहिलं.

"सांग. मी काही म्हणत नाई."

"त्या राणीले," नलू हळू बोलली, "मुलगा-सून दिवसा एकत्र बसलेले चालत नव्हते. म्हणून ते दोघं जिन्यात भेटत. अन् सासू येताना दिसली की चोपदार दारावर काठी वाजवत. मंग ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत पळायचं."

जयवंताबाईनं गोठ्याकडच्या दाराकडे पाहिलं.

"म्हंजे बादली," जयवंताबाई म्हणाली.

नलूचा चेहरा लाल झाला. तानाबाई पदर तोंडाला लावून उठून गेली. तिला हसू आलं होतं की काही दुसरं, ते कळलं नाही.

सत्तावनच्या श्रावणात एका रविवारी जयवंताबाईनं बबनाला सांगितलं की या पोळ्याला त्यानं यावं, फेटा बांधावा, हात करावा. ती घरातून बाहेर पडणार नाही.

"राहवीन तुले?" बबन म्हणाला. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

"राहवीन."

तो आला. फेटा बांधला. नलूनं बैलांना ओवाळलं. सगळे आखराकडे गेले आणि जयवंताबाई देवघरात जाऊन बसली. हात मांडीवर ठेवले, एकावर एक. डफडी ऐकू येत होती. झडत्या ऐकू येत होत्या. एक झाली, दुसरी झाली. आता थांबेल म्हणून ती कान देऊन बसली. डफडी थांबली नाही. समईतली वात काजळली तरी थांबली नाही. मग तानाबाई धापा टाकत आली.

"चाला जी. पोळा अडून राह्यला. बैल घामानं भिजले."

"बबन उभा नाई काय?"

"उभा हाय. हात बी केला त्यानं. दोनदा केला." तानाबाईनं श्वास घेतला. "कोनी पाह्यलाच नाई. सारे पाराकडं पाहून राह्यले."

जयवंताबाई उठली. पाय जड होते पण चालत होते. आखरावर लोकांनी वाट दिली. डफडीवाला तिच्या हाताकडे पाहत वाजवत होता. ती पारापाशी थांबली नाही. बायांमधून पुढं गेली, पुरुषांमधून पुढं गेली, बैलांच्या वासात आणि मखराच्या धुरात शिरली. विधवा बाई तोरणाजवळ आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. दोघातिघांनी बैल मागं ओढले. ती सरळ डफडीवाल्याकडे गेली आणि डफडीवर तळहात ठेवला. आवाज थांबला.

मग ती बबनाकडे वळली आणि दोन्ही हात जोडले.

"पाटील," ती म्हणाली, "पोळा फोडा. लोकं थांबले."

बबन तिच्याकडे पाहत राहिला. आईनं आयुष्यात त्याला अहोजाहो केलं नव्हतं. त्यानं हात वर केला, नीट, खांद्याच्या वर. जोडलेले हात तिनं तसेच धरून ठेवले. तोरण तुटलं. बैल तिच्या दोन्ही अंगांनी धावत गेले, आणि त्या धुळीत कोणी झडती टाकली नाही.

घरी येऊन ती चुलीपाशी बसली. आता वाटेल, असं तिला वाटलं. पंधरा वर्षांचं ओझं उतरलं आहे, काहीतरी वाटलंच पाहिजे. बबन आला तेव्हा त्याचं डोकं उघडं होतं.

"फेटा?"

"माणिककाकाले देला." तो पाटावर बसला. "पुढच्या सालापासून हात तेच करतीन. मी इथं राहत नाई, माय. वर्षातून एकदा येऊन कसला पाटील. ते इथंच असतात."

नलूच्या हातातला वरवंटा थांबला. तानाबाई दारातच थबकली. ज्या माणसाच्या हाती बबनाचं काही जाऊ नये म्हणून जयवंताबाई वर्ध्याला गेली, तिफनीमागं चालली, पारामागून हात केला, त्याच्याच डोक्यावर आता तो फेटा. जयवंताबाई राग यायची वाट पाहत राहिली. राग आला नाही. तिनं बबनाच्या ताटात पोळीवर तूप वाढलं.

"बरं केलं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "नलूले घेऊन जाजो."

"कुठं?"

"तुह्या घरी. उद्या गाडी जुंपून देते. तिची पेटी अन् दोन पोते ज्वारी."

बबन खाली पाहून जेवत राहिला. नलू आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. नलू पाया पडली तेव्हा जयवंताबाईच्या पायावर तिचे डोळे टेकले, पाय ओले झाले. ते तिला कळलं. संध्याकाळी माणिकराव आला. लक्ष्मणरावांचा फेटा त्याच्या डोक्यावर होता, जरा तिरपा. म्हातारा झाला होता तोही. ओट्यावर बसला. चहा आला तसा फेटा काढून त्यानं बाजूला ठेवला.

"वहिनी, म्या मागितला नव्हता."

"माहीत हाय, भाऊजी."

तो चहा प्यायला. फेट्याकडे पाहिलं. उचलून डोक्यावर ठेवावा की हातात न्यावा हे त्याला कळत नव्हतं. शेवटी हातात घेऊन गेला.

जयवंताबाईनं समई लावली. तसबिरीसमोर उभी राहिली, या वेळी डोळे उघडे ठेवून. "बबनाचं बबनाले देलं," ती हळू म्हणाली. "मधात कोनाले हात लावू देला नाई. पुढं त्यानं काय केलं ते त्याचं." वात स्थिर जळत होती. तिनं नमस्कार केला आणि गाईला पोळी घालायला मागच्या दाराकडे निघाली.

ती दारात आली मात्र, गोठ्याच्या तोंडाशी तानाबाईच्या हातून बादली पडली.

गोठ्यात आता कोणी बोलत उभं नव्हतं. तानाबाईनं बादलीकडे पाहिलं, मग जयवंताबाईकडे.

"सवय हो जी," ती म्हणाली.

"हो," जयवंताबाई म्हणाली आणि गाईला पोळी घातली.